फिरतीवरचं कुंकू

अकोला
८ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. शालूबाई,

त्या सकाळी मी दुकानापुढे सडा टाकला, इस्त्रीतली कालची राख काढून कोळसे भरले आणि ओट्यावर बसून ताटलीतल्या सुया आणि टाचण्या वेगळ्या करू लागले. तुमच्या दादांनी मशीनचं चाक फडक्यानं पुसलं, तेल सोडलं आणि मान वर न करता म्हणाले, “आज चहात आद्रक टाकजो वं.” मी चहा ठेवला. मग एक गिऱ्हाईक सदऱ्याचं माप द्यायला आलं आणि दिवस सुरू झाला. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोठे दिवस मला नीट आठवत नाहीत, हा आठवतो.

काल कंपनीत वानखडे साहेबांनी बोलावून समोर खुर्ची दिली, तेव्हा तो आठवला. इतकी वर्षं कामाला बसायचं म्हणजे मशीनपुढे. नुसतं बोलायला म्हणून खुर्चीवर बसण्याची सवय नाही.

दादांच्या मागे मी दुकान ओढलं ते तुम्ही पाहिलं आहे. पुरुषांचे कपडे दुसरीकडे गेले, ते जाणारच होते. बायकांचं साधं शिवण येत राहिलं, झंपर, परकर, पोरींचे झगे. पण लग्नाचं कापड माझ्या दारात आलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. वर्षभर माझ्याकडे शिवणारी बाई लेकीच्या लग्नाचं कापड काखेत घेऊन पुढच्या शिंप्याकडे जायची आणि माझ्या दारासमोर नजर खाली घालायची. मीही घालायची, तिला अवघड व्हायला नको म्हणून. शिवणाचं दुकान लग्नसराईवर चालतं. हे मला समजत होतं आणि तरी मी चार वर्षं थांबले. मग पाटी उतरवली आणि या शिलाई मशीनच्या कंपनीत लागले.

इथे बायकांचा शिवणवर्ग आहे, त्यात शिकवते. दहाला जायचं, पाचला यायचं. पाचनंतर कोणाचा झंपर घट्ट झाला याची काळजी माझी नाही. मनाशी ठरवलं होतं, एवढंच पुरे. येताना वाचनालयातून पुस्तक आणावं, वाचावं, निजावं.

आता साहेब म्हणतात, फिरतीवर जा. तालुक्याच्या गावांत हल्ली लेकीला लग्नात मशीन देतात. घरी जाऊन ते बसवून द्यायचं, नवरीला चालवायला शिकवायचं, बघायला जमलेल्या बायांना चार गोष्टी शिवून दाखवायच्या, म्हणजे आणखी मशीनं जातात. वर्षभर हे जमलं तर अकोल्याचा सगळा वर्ग माझ्या हाताखाली. पुढे नागपूरही, म्हणाले.

स्वतःच्या दुकानात वर चढायला जागाच नव्हती. मालकही मीच, गडीही मीच. इथे कोणी पायरी दाखवली की पाय उचलावासा वाटतो आणि उचलला की भीती वाटते. पडले तर परत जायला दुकान नाही. तुम्ही दादांच्या बहीण, दुसरं विचारायला मला कोणी नाही. माणसानं किती वर बघावं, ते मोकळेपणी लिहा.

पंजाबराव कापसाच्या जिनातून लवकर घरी येतात का आता? कौशल्याला पापा.

तुमची,
माणिक


अमरावती
१७ ऑक्टोबर १९६१

गं. भा. माणिकवहिनीस शालूचा नमस्कार.

तुमी विचारलं म्हणून सांगते, मंग म्हणू नका शालू तोंडानं फटकळ आहे. ते तर मी आहेच.

कंपनी म्हणजे दुसऱ्याचा बैल, वहिनी. त्याले किती बी चारा घाला, पोळ्याले मिरवणार त्याचा मालकच. साहेबानं खुर्ची देली, उद्या काढून बी घेईन. अन् फिरती म्हणजे काय वं? एकट्या बाईनं मोटारीत बसून गावोगाव हिंडायचं, कोनाच्या बी ओसरीवर जेवायचं. दादा असता तर जाऊ देलं असतं का तुमाले?

माझं ऐका. सोडा ते अन् अमरावतीले या. आमच्या घराची पुढची खोली रिकामी आहे, तोंड रस्त्यावर. तुमचं मशीन आणा. मी काजं-बटनं करीन, तुरपाई करीन, गिऱ्हाइकाशी भांडायचं काम बी माझ्याकडे. तुमी नुसतं बेतायचं अन् शिवायचं. तुमाले भांडता येत नाही, म्हणून तर दुकान बसलं. दोघी मिळून पाटी लावू. वर जायचंच असेल तर आपल्या पाटीखाली जा.

हे मी उगाच लिहून नाही राहिली. खोली मागायले लोक येतात, घरमालक विचारते. लवकर कळवा.

पंजाबरावांचं काय सांगू? जिनाचा हंगाम आहे, बडनेऱ्यालेच मुक्काम असते. बरे आहेत. कौशल्या चौथीत गेली. अक्षर तुमच्यासारखं काढते, अन् गुमान बी तुमच्यासारखीच बसते.

शालू


अकोला
२४ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. शालूबाई,

उत्तराला उशीर झाला, कारण मी फिरतीला हो म्हणून बसले होते आणि तुम्हाला कसं लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही खोली देता, हा तुमचा मोठेपणा. पण मला तुमची कीव कळते, शालूबाई. त्याचा राग नाही. अमरावतीतही लग्नसराई असणार आणि तिथेही माझं कपाळ हेच असणार. तुमच्या भरल्या घराला माझी पाटी कशाला? आज पंजाबराव काही म्हणणार नाहीत. दुकान बसलं की मग म्हणतील, आणि तुम्हाला दोन्हीकडून ऐकावं लागेल.

बाळापूरला जाऊन आले. एका शाळामास्तरांच्या बायकोनं घरच्यासाठी मशीन घेतलं आहे. बघायला शेजारच्या बाया जमल्या. एक म्हातारी किती तरी वेळ चाकाकडे बघत होती. म्हणाली, “हे बाई भाकरी बी करते का?”

मी म्हटलं, “नाही, आजी. पण भाकरी करणारीला घटकाभर बसू देतं.”

“मंग आमच्या सुनेले नको दाखवू,” म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या, सून सगळ्यांत जास्त. मी एक झबलं बेतून तिथल्या तिथे शिवलं. एवढ्या बाया माझ्या हाताकडे बघतात असं आजवर झालं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक कापडाकडे बघतं.

हे लिहायला लाज वाटते, पण मला आवडलं. परतीच्या मोटारीत मी नागपूरचा विचार करत होते. नागपूर मी पाहिलेलं नाही. तरी तिथल्या वर्गात खिडक्या कुठे असाव्यात, इथवर गेले.

थंडी पडू लागली आहे, जपा.

तुमची,
माणिक


अमरावती
१९ जानेवारी १९६२

माणिकवहिनीस नमस्कार.

पत्र मिळालं होतं. खोली घरमालकानं दुसऱ्याले देली. त्यानं विड्याचं दुकान लावलं. दिवसभर माणसं थुंकतात, आमी मागच्या दारानं येतो-जातो.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा केलं नाही. लोकायचं बोलावणं होतं तिथं बी गेली नाही. पाय दुखत होते.

भरलं घर लिहिलं तुमी, वाचलं.

मोठ्या व्हा. तुमचे हात चांगले आहेत, दादा बी म्हणायचा.

शालू


अकोला
२० फेब्रुवारी १९६२

चि. सौ. शालूबाई,

तुमचं पत्र एवढं लहान होतं की मी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलं आहे का. पाय दुखतात तर कोणाला तरी दाखवा. खोली नाकारली म्हणून रागावला असाल तर तसं लिहा, मी ऐकून घेईन.

तेल्हाऱ्याला जे झालं ते सांगते.

नत्थुजी म्हणून तिथे कापसाचे मोठे शेतकरी आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तिच्यासाठी मशीन घेतलं. मी पोचले तेव्हा मशीन ओसरीवर मांडून त्याला हळदीकुंकू लावलं होतं, चाकाला झेंडूची माळ होती. मशीनवर नवरीच्या चोळीचा खण बेतून ठेवलेला. मी माळ बाजूला केली, तेल सोडलं, दोरा ओवला, पट्टा ताणला. आणि हाताशी कापड होतं म्हणून त्यावर दोन बोटं शिवण घातली. शिंप्याच्या घरची सवय. शिवून पाहिल्याशिवाय मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे तुमच्या दादांनीच शिकवलं.

नवरी उठून आत गेली.

त्यांच्यात नवरीच्या मशीनवरची पहिली शिवण घरातली मोठी सवाशीण घालते, नवरीच्याच चोळीवर. खण त्यासाठी होता. नवरीची मावशी न्हाऊन, नवं लुगडं नेसून माझ्या मागे उभी होती, आणि मला वाटलं ती बघायला उभी आहे. दुसऱ्या कोणा शिंपिणीला हे कळलं असतं. माझ्याकडे लग्नाचं काम आलंच नाही, तर त्याच्या रीती कुठून कळणार?

नत्थुजींची आई, जाईबाई, पुढे आली. माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, “मालक काय करते, बाई, तुमचे?”

“नाहीत.”

“लेकरू?”

“नाही.”

“चहा घेऊन जा,” म्हणाली. मग तिनं तो खण उचलला, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. “हा तुमीच घेऊन जा आता.” रागावली नव्हती. आपल्या घरात नको असलेली गोष्ट बाहेर ठेवावी, तसं केलं तिनं. आत नवरी रडत होती ते ऐकू येत होतं. चहा मी घेतला. घेतला नसता तर आणखी अपमान झाला असता, त्यांचाही.

मशीन दुसऱ्या दिवशी कंपनीत परत आलं.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, “माणिकबाई, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण गिऱ्हाइकाचा आहे, आणि मशीन गिऱ्हाईक घेतं.” मग म्हणाले, “कुंकू म्हणजे शेवटी रंगच ना? बाहेरगावी लावायचं, अकोल्यात आल्यावर पुसायचं. तुम्हाला तिकडे कोण ओळखतं?”

मी विचारलं, “नाही लावलं तर?”

“तर वर्ग आहेच की. तुम्हाला कोणी काढणार नाही. फिरतीला दुसरी बाई घ्यावी लागेल. नागपूरहून एक मागवता येईल, नुकतीच शिकलेली आहे. आणि फिरती जी करेल तीच पुढे वर्गाची मुख्य, हे तुम्हाला माहीत आहे.”

म्हणजे बटण लावायला मी जिला शिकवेन, तिच्या हाताखाली मी. मोठं व्हायची हाव नव्हती तोवर हे मला चाललं असतं. बाळापूरनंतर चालत नाही. वर बघायला लागल्यावर पहिल्या जागी तसं बसता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं खरं, वेगळ्या शब्दांत.

ज्यांच्या मागे हे कपाळ पुसलं, त्यांच्या तुम्ही बहीण. नको म्हणालात तर लावणार नाही, आणि पुढे कधी तुम्हाला दोष देणार नाही. काय ते लिहा.

माणिक


अमरावती
२८ फेब्रुवारी १९६२

वहिनी,

लावा.

पहिले हेच लिहिते, कारण पुढचं लिहून होईन का नाही, माहीत नाही.

पंजाबराव मागच्या पावसाळ्यापासून घरी नाहीत. बडनेऱ्याले जिनातल्या एका बाईसोबत घर केलं त्यायनं. हंगाम आहे, हंगाम आहे, असं मी तुमाले लिहीत राहिली. शेजारणीले बी तेच सांगते. तिले सगळं माहीत आहे, तरी रोज विचारते, “आले का वो पंजाबराव?” अन् मी म्हणते, “शनवारी येतीन.” तिले बी करमत नाही विचारल्याशिवाय.

पुढच्या खोलीत दुकान काढू म्हटलं, ते तुमच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मले काजं-बटनाशिवाय काही येत नाही, अन् पोरगी वाढवाची आहे. खरं लिहिलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी आल्या असत्या, हे मले माहीत आहे. लिहिता नाही आलं. तुमी समजल्या शालू कीव करून राहिली. मले तेच बरं वाटलं. कीव करायले तरी घरात काही लागते.

आता कुंकवाचं. मी रोज सकाळी कपाळभर लावते. माझ्या मांडीवर कोनी खण आणून ठेवत नाही. संक्रांतीले पाच घरची बोलावणी होती, वाण घ्याले. गेली असती तर हसत ओटी भरली असती त्यायनं. मले चालते, मंग तुमाले काहून नाही? तुमचं माणूस तुमाले सोडून नाही गेलं. मेलं.

दादाची बहीण म्हणून विचारलं. दादा काय म्हणाला असता ते मले नाही माहीत. मागं लिहिलं होतं, दादानं जाऊ देलं असतं का, ते मी माझ्या मतलबानं लिहिलं होतं. मेलेल्याच्या नावानं मी आता कोनाले अडवत नाही.

शालू


अकोला
२५ मार्च १९६२

शालूबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. “भरलं घर” मी लिहिलं होतं. त्यावर आता काय लिहू?

कौशल्याला घेऊन अकोल्याला या. दुकानाची जागा माझ्याकडेच आहे, पुढे दुकान होतं तिथे तुमची खाट टाकू. फिरतीची जागा पक्की झाली की तिघींचं निघेल. मी साहेबांना हो सांगितलं. तुमच्यासाठी सांगितलं असं म्हणायला मला बरं वाटतं, म्हणून तसंच म्हणते. परीक्षा झाली की निघा. शाळा इथे जवळ आहे.

दर्यापूरला जाऊन आले.

कुंकवाची डबी घेतली तेव्हा दुकानदारानं विचारलं, “कोणासाठी?” मी म्हटलं, “नणंदेसाठी.” नुसत्या कुंकवानं भागत नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. गळ्यात काळी पोत लागते, हातात बांगड्या लागतात. माझी पोत पेटीत आहे. तिला हात लावला नाही, बाजारातून दुसरी घेतली, साधे मणी. मोटार दर्यापूरला पोचायच्या आधी पदर आडवा धरून सगळं घातलं. शेजारी बसलेली बाई खिडकीबाहेर बघत राहिली.

किसनरावांच्या घरी लेकीचं लग्न आहे. त्यांच्या बायको दुर्गाबाई, मोठ्या मायाळू. पहिली शिवण मी घातली नाही. घरची सवाशीण कोण ते आधीच विचारून घेतलं, तिच्या हातून घातली, मग शिकवायला बसले. नवरी हुशार, पायाची लय तिला लगेच सापडली. बायांना झबलं दाखवलं, खिसा दाखवला. सगळं चांगलं झालं. इतकं चांगलं की निघताना दुर्गाबाईंनी मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. पाच वर्षांत माझ्या कपाळाला दुसऱ्या बाईचं बोट लागलं नव्हतं. तिचं बोट गार होतं.

उठले, तर बायांनी दारात हात आडवे धरले.

“नाव घेतल्याबिगर नाही जाऊ देत.”

मी म्हटलं, मोटार चुकेल.

“मोटार आमच्या दिराची हाये, थांबते. घ्या नाव.”

“अवो, मास्तरीनबाई हाये ते. इंग्रजीत घेईन.”

“का मालकाचं नाव लय मोठं हाये, तोंडात मावत नाही?”

लग्नात एकदा घेतलं होतं मी, तुमच्या आईनं शिकवलेलं. त्यानंतर तोंडानं कधी घेतलं नाही. ते होते तोवर मी “अवो” म्हणत होते, गेल्यावर “हे” म्हणू लागले. दारात उभं राहून मी म्हटलं:

सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ,
शेषरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

बायांनी टाळ्या पिटल्या. दुर्गाबाई म्हणाल्या, “काय करतात शेषराव?”

“शिवणाचं दुकान आहे अकोल्याला,” मी म्हटलं.

“अन् तुमाले असं फिरू देतात?”

“सकाळचा चहा करून मी निघाले की काही म्हणत नाहीत.”

हे मला कोणी सांगायला लावलं नव्हतं, शालूबाई. नाव घेऊन सुटता आलं असतं. मी थांबून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्यांना रंगीत दोरे आवडत नाहीत, पांढऱ्याच दोऱ्याशी त्यांचं जमतं, असलं काहीतरी. बाया ऐकत होत्या.

त्या घरातून आणखी दोन मशीनं मागवली गेली. साहेब खूश आहेत. परत येताना मोटारीत कुंकू पुसलं. ओटीतले तांदूळ आणले आहेत, अजून शिजवले नाहीत.

कधी निघता ते कळवा. मी स्टँडवर येईन.

माणिक


अमरावती
९ एप्रिल १९६२

माणिकवहिनीस नमस्कार.

मी येत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे आले. आमचं गाव कौंडण्यपूरच्या अलीकडे, तुमाले माहीत आहे. बसले, पाणी प्याले, म्हणाले, “पोरानं केलं ते पोराजवळ. सून आमची, नात आमची. वावरात हात लागते.” दुसरं काही बोलले नाहीत. मी भांडी बांधली. परवा निघतो. कौशल्याची चौथी झाली, पुढची शाळा त्या गावात नाही. तिनं विचारलं, पाटी-पुस्तकं घेऊ का? मी म्हटलं, घे.

तुमी म्हणाल, अकोला काहून नाही. तुमच्या दारात मी बसली तर गल्ली रोज विचारेन, नवरा कुठं? तिथं बी मी शनवार सांगू? अन् तुमी गावोगाव कुंकू लावून जाल, ते कोनासाठी, तर शालूच्या भाकरीसाठी. मले ते गिळलं नसतं जात. सासरी निदान कोनी विचारत नाही. तिथं सगळ्यायले माहीत आहे.

आता माझ्यासाठी ते कुंकू लावू नका. वर्गात बसा, पाचले घरी या, पुस्तक वाचा. नागपूरची बाई वर बसली तर बसू द्या. ते फिरती सोडून द्या, वहिनी. मीच लावा म्हटलं होतं, आता मीच सोडा म्हणते.

दादाचं नाव तुमी दारात घेतलं, ते वाचून मी चूल तशीच ठेवून बसली. आई गेल्यावर ते नाव तोंडानं घेनारं कोनी राहिलं नाही. मी बी दादाच म्हणते.

गावचा पत्ता तुमच्याजवळ आहे. तिथं पत्र सासऱ्यायच्या हाती पडते, अन् दुसऱ्याजवळून वाचून घेतात. जपून लिहा.

शालू


अकोला
१६ एप्रिल १९६२

चि. सौ. शालूबाई,

हे पत्र अमरावतीच्याच पत्त्यावर टाकते. तुम्ही निघून गेला असाल. पुढच्या खोलीतल्या विड्याच्या दुकानदारानं ठेवलं आणि कधी कोणी घेऊन आलं, तर वाचा. नाही तर असू द्या. गावी मी खुशालीचं वेगळं लिहीन.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. कौशल्याला तरी माझ्याकडे पाठवा, असं लिहून पाहिलं आणि खोडलं. सासरे देणार नाहीत, आणि मागितलं म्हणून तुम्हाला बोलणी बसतील.

त्याच दुपारी मी साहेबांकडे गेले. तुम्ही म्हणालात तसं सांगायला गेले, फिरती नको, वर्गच बरा. बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा शब्द तयार होते. आत गेल्यावर साहेब म्हणाले, “बोला, माणिकबाई,” आणि मी विचारलं, “मूर्तिजापूरचं मशीन कधी पोचतं आहे?”

“पोचलं. उद्या जाल?”

“जाते,” मी म्हटलं.

तुम्ही येणार होता तेव्हा मला कारण होतं. आता तेही नाही. नागपूरचं मनातून गेलं. साहेब म्हणतात, वर्षअखेर वर्ग तुमच्याकडे येईल. येईल तर येईल. वर जायचं म्हणून मी निघाले होते, हे आता दुसऱ्या कोणाचं वाटतं. कधीतरी एखाद्या ओसरीवर अकोल्याची बाई भेटेल आणि ओळखेल, हेही मला कळतं. त्या दिवशी नोकरी जाईल आणि तोंडही राहणार नाही.

पण तुम्ही लिहिलं, ते नाव घेणारं कोणी राहिलं नाही. इथेही नाही. गल्लीत मी माणिकबाई, कंपनीच्या कागदावर श्रीमती. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, ती मीच उतरवली. पाच वर्षांत अकोल्यात मला कोणी विचारलं नाही की त्यांना चहा कसा लागायचा, बोलायचे कसे, रागवायचे का. विचारतील कशाला? मेलेल्या माणसाचं कोणी विचारत नाही, बायकोला वाईट वाटेल म्हणून. दर्यापूरच्या दारात मात्र बाया हात आडवे धरून उभ्या होत्या. नाव सांग म्हणाल्या, काय करतात सांग म्हणाल्या. मी सांगत होते तेवढा वेळ ते दुकानात बसलेले होते.

हे चांगलं नाही. तुमच्याखेरीज कोणाला सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूरला गेले. गाडीतून उतरायच्या आधी कुंकू लावलं, मशीन बसवून दिलं आणि दारात अडवलं तेव्हा नाव घेतलं.

माणिक